नदीचे पंचांग

मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला, कोरड्या ओढ्यांना गढूळ पाणी आले, की कोकणातल्या गावांत एकच धांदल उडते. कोणी पाग घेऊन निघतो, कोणी टोपली, तर कोणी घरातली जुनी मच्छरदाणीच. का, तर चढणीचे मासे आले! नदीतले मासे नव्या पाण्याच्या विरुद्ध दिशेने ओढ्यांत, तेथून भाताच्या खाचरांत चढू लागतात. हा सोहळा मोजक्या दिवसांचा. आठ दिवस आधी गेलात तर ओढा कोरडा. पंधरवड्याने उशिरा गेलात तर मासे अंडी घालून मोकळे झालेले. तारीख कॅलेंडरात छापलेली नसते, पण गावातल्या जाणत्या माणसाला ती आभाळाकडे पाहून कळते. प्रत्येक नदीला तिचे असे एक पंचांग असते, आणि ज्याला नदीवर जायचे आहे त्याने ते आधी वाचावे लागते.

आता असेच एक पंचांग आपण वाचायचे आहे, पण फार दूरच्या नदीचे. अलास्काचा नकाशा उघडा. त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, ६० अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित खाली, डोंगरातल्या एका तळ्यातून कानेक्टोक नावाची नदी निघते आणि सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास प्रवास करून बेरिंग समुद्राच्या कुस्कोक्विम उपसागराला मिळते. मुखाशी क्विनहागाक हे युपिक लोकांचे गाव आहे. तळ्यापासून गावापर्यंत ना रस्ता, ना दुकान, ना दवाखाना. हौशी मंडळी तेथे जातात ती अशी : पाण्यावर उतरणारे छोटे विमान त्यांना तळ्यावर सोडते आणि परत जाते. मग हवा भरायचे रबरी तराफे फुगवायचे, त्यांवर तंबू, शिधा आणि गळ लादायचे आणि प्रवाहाबरोबर वाहत, वाटेत मासे धरत, सहा-सात दिवसांनी गावी पोचायचे. तराफ्याला इंजिन नसते. त्यामुळे प्रवाहाविरुद्ध मागे फिरता येत नाही.

समजा, तुमच्या चौघांच्या टोळीने अशी सहल ठरवली आहे. पैसे एकाच खेपेचे आहेत, सवड एकाच आठवड्याची आहे. तो आठवडा कोणता? पुढे वाचण्यापूर्वी तुमचे उत्तर एका कागदावर लिहून ठेवा.

बहुतेकांनी ‘जून’ लिहिले असेल, आणि त्याला कारणही आहे. २१ जूनला मुंबईत दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो, तर क्विनहागाकला जवळजवळ पावणेएकोणीस तासांचा. उरलेल्या वेळातही संधिप्रकाश इतका असतो की कंदिलाची गरज भासत नाही. म्हणजे हवा तितका वेळ हाती! पण उजेड वेगळा आणि ऊब वेगळी. सूर्य भरपूर वेळ दिसला, तरी वर्षभराचा साठलेला बर्फ वितळवण्यातच त्याची बरीचशी उष्णता खर्च होते. एक ग्रॅम बर्फाचे पाणी करायला ८० कॅलरी उष्णता लागते हे तुम्ही पदार्थविज्ञानात शिकलाच आहात. डोंगरातली तळी मे अखेरपर्यंत, एखाद्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतही गोठलेली राहतात. तेव्हा तरणारे विमान उतरणार कोठे? आणि बर्फ वितळला म्हणजे ते सारे पाणी नदीत येते.

फुगलेल्या नदीचे भय आपल्याकडे वेगळे सांगायला नको. पण त्यामागचे गणित पाहण्यासारखे आहे. वाहत्या पाण्याचा अंगावर पडणारा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. एरवी गुडघाभर पाण्यात तुम्ही उभे राहून गळ टाकू शकता, तेथे वेग दुप्पट झाल्यावर उभे राहणेही कठीण. कानेक्टोकच्या मधल्या टप्प्यात नदी अनेक फाट्यांत विभागते आणि काठ खचून पडलेली झाडे प्रवाहावर आडवी झालेली असतात. फांद्यांतून पाणी आरपार जाते, तराफा मात्र अडकतो आणि पाणी त्याला उलथवते. त्यात पाणी बर्फाचे. पाणी हवेपेक्षा सुमारे चोवीस-पंचवीस पट अधिक सहजपणे उष्णता वाहून नेते. अशा पाण्यात पडलेल्या माणसाची बोटे काही मिनिटांतच निकामी होऊ लागतात. तेथे पोहता येते की नाही हा प्रश्न पुढचा, दोरी पकडता येईल का हा आधीचा. उंच पाण्यात गळालाही फारसे काही लागत नाही, हे वेगळेच.

तेव्हा जूनचा आरंभ बाद. त्याला आणखी एक कारण आहे. या नद्यांत रेनबो ट्राउट नावाचा, अंगावर काळे ठिपके आणि बाजूला गुलाबी पट्टा असलेला देखणा मासा कायम राहतो. तो वसंतात अंडी घालतो. शेजारच्या ब्रिस्टल उपसागराच्या खोऱ्यातील अनेक नद्यांत १० एप्रिल ते ७ जून या काळात गळ टाकायलाच बंदी असते. विणीच्या माशाला उपद्रव नको, एवढाच त्यामागचा हेतू. आपल्या चढणीच्या माशांना मात्र असे कोणतेच संरक्षण गावोगाव पाळले जात नाही. त्या माशांच्या पोटात गाबोळी असते आणि तीच चवीला उत्तम म्हणून आपण खुशीने खातो! असो.

आता ‘जुलै की ऑगस्ट?’ एवढाच प्रश्न राहिला असे वाटेल. पण त्याचे उत्तर हवामानाच्या तक्त्यात सापडत नाही. ते सापडते नदीच्या तळच्या खडीत, वाटाण्याएवढ्या नारिंगी अंड्यांत.

ती अंडी सॅमन माशांची. पॅसिफिक महासागरातील सॅमनच्या पाच जाती अलास्कात येतात आणि त्या पाचही कानेक्टोकमध्ये आढळतात. सॅमन जन्मतो नदीत, वाढतो समुद्रात आणि पूर्ण वाढ झाल्यावर आपण जन्मलो त्याच नदीत परत येतो. गोड्या पाण्यात शिरल्यावर तो खाणे सोडतो. अंगातल्या चरबीवर प्रवाह चढून जातो, मादी शेपटीने खडीत खळगा करून अंडी घालते, नर त्यांवर वीर्य सोडतो, मादी खडीने खळगा झाकते आणि काही दिवसांत दोघेही मरतात. पिलांना आई-बाप कधीच दिसत नाहीत.

मग पिलांची काळजी कोण घेतो? एका अर्थाने, तारीख घेते.

हे नीट समजून घ्या, कारण सगळी गुरुकिल्ली येथेच आहे. अंडे किती दिवसांत फुटणार हे पाण्याच्या तापमानावर अवलंबून असते. शास्त्रज्ञ यासाठी ‘अंश-दिवस’ हे माप वापरतात. पाणी एक दिवस १० अंश सेल्सिअस असेल तर अंड्याच्या खात्यात १० अंश-दिवस जमा झाले. मोठ्या जातीच्या सॅमनचे अंडे फुटायला ढोबळ मानाने ५०० अंश-दिवस लागतात. म्हणजे १० अंशांच्या पाण्यात ५० दिवस, ५ अंशांच्या पाण्यात १०० दिवस. (अगदी गार पाण्यात हा हिशेब थोडा चुकतो, तेथे कमी अंश-दिवस पुरतात.) अंडे फुटल्यावरही पिलू लगेच बाहेर येत नाही. पोटाला लटकलेल्या बलकाच्या पिशवीवर ते खडीतच हिवाळा काढते आणि बलक संपत आला की वसंतात वर येते. त्या वेळी पाण्यात बारीक किडे-अळ्या हव्यात. पिलू फार लवकर वर आले तर खायला काही नाही. फार उशिरा आले तर वाढीचा हंगाम हुकला.

म्हणजे पिलाने केव्हा वर यायचे ते ठरलेले; खडीतल्या पाण्याचे तापमान ठरलेले; मग अंडी घालण्याची तारीख आपोआप ठरते. ज्या सॅमनांनी चुकीच्या तारखेला अंडी घातली त्यांचा वंश राहिला नाही. ज्यांची तारीख जुळली त्यांचीच पिले आज नदीत येत आहेत. म्हणूनच एकाच जातीचे मासेसुद्धा वरच्या गार झऱ्यांत आधी आणि तळ्यांखालच्या उबदार प्रवाहांत नंतर अंडी घालताना दिसतात. तेव्हा सॅमन नदीत केव्हा शिरतो याचा निर्णय त्या दिवशीच्या हवेवर फारसा अवलंबून नसतो. तो हजारो पिढ्यांनी आधीच घेऊन ठेवलेला असतो. त्यामुळेच हवामानाचा अंदाज आठ दिवसांपलीकडे देता येत नसला, तरी सॅमन कोणत्या पंधरवड्यात येणार हे वर्षभर आधी सांगता येते, आणि विमानाची जागाही वर्षभर आधी राखता येते.

आता पंचांगाची पाने उलटू.

सर्वांत आधी, जूनच्या मध्यास, येतो चिनुक. त्याला तेथे ‘राजा’ म्हणतात. पाचांत सर्वांत मोठा. दहा-पंधरा किलोंचा मासा सहज आढळतो. त्याची वर्दळ जुलैच्या मध्याला ओसरते. पाठोपाठ जूनअखेर सॉकाय. हा समुद्रात निळसर रुपेरी असतो, विणीच्या वेळी अंगाने लालभडक आणि डोक्याने हिरवा होतो. ब्रिस्टल उपसागरातल्या नद्यांत याची संख्या अफाट. २०२२ साली तेथे परतलेल्या सॉकायची गणती सुमारे ७ कोटी ९० लाख झाली आणि तो उच्चांक ठरला. पण गळवाल्याला त्याचा उपयोग कमी, कारण हा मासा समुद्रात मुख्यतः बारीक तरंगते जीव गाळून खातो. आमिषाच्या मागे धावण्याची त्याला सवयच नाही. त्याच सुमारास चम येतो. स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांना हा वाळवून घालीत, म्हणून त्याला ‘कुत्रा सॅमन’ हे नाव पडले.

जुलैच्या उत्तरार्धात येतो गुलाबी सॅमन. त्याची गंमत तुम्हा गणितप्रेमींसाठी राखून ठेवली होती. त्याचे आयुष्य बरोबर दोन वर्षांचे असते, एक दिवस इकडे-तिकडे झाला तर झाला. त्यामुळे सम वर्षी जन्मलेले सम वर्षीच परत येतात आणि विषम वर्षी जन्मलेले विषम वर्षी. एकाच नदीत राहूनही या दोन वंशांची कधी गाठच पडत नाही! अलास्काच्या या भागात सम वर्षांचा वंश जोरात आहे. २०२४ साली गेलेल्याला नदीत गुलाबी मासे दिसले असतील, २०२५ साली गेलेल्याला अगदीच तुरळक. ‘मागच्या वर्षी तर खूप होते’ हे वाक्य या माशाबाबत अनुभवाचे नसून फसगतीचे असते.

शेवटचा कोहो, म्हणजे रुपेरी सॅमन. तो जुलैअखेरीपासून शिरू लागतो, ऑगस्टच्या उत्तरार्धात त्याची गर्दी होते आणि सप्टेंबरातही तो येत राहतो. तीन-चार किलोंचा, चपळ, आणि खाणे सोडलेले असूनही आमिषावर झडप घालणारा. उपाशी मासा झडप का घालतो? चिडून घालतो म्हणावे, समुद्रातल्या सवयीने घालतो म्हणावे, की पाण्यातली हद्द राखण्यासाठी? मासा मुलाखत देत नाही, त्यामुळे गळवाल्यांच्या शेकोटीभोवती हा वाद दर रात्री नव्याने रंगतो.

पण आपल्या टोळीने केवळ सॅमनकडे पाहून चालणार नाही. नदीतला कायमचा रहिवासी तो ट्राउट, तोही याच पंचांगाने चालतो. अंडी घालून खंगलेला ट्राउट जूनमध्ये समुद्राकडे निघालेली सॅमनची पिले पकडतो. काठावरून पाण्यात पडलेला उंदीरही सोडत नाही. मग मोठे सॅमन खळगे करू लागले की याची दिवाळी सुरू होते. मागाहून आलेली मादी आधीच्या मादीचा खळगा उकरते, अंडी सुटून प्रवाहाबरोबर वाहू लागतात आणि ट्राउट खाली तोंड उघडून तयारच असतो. चरबी आणि प्रथिने यांनी भरलेला असा आयता घास त्या नदीत दुसरा नाही. ऑगस्टमध्ये गळवाले दोऱ्याला गाबोळीच्या दाण्याएवढा नारिंगी मणी लावतात तो यासाठीच. सप्टेंबरात मेलेल्या सॅमनच्या मांसाचे तुकडे वाहू लागतात, तेही ट्राउट खातो आणि हिवाळ्यासाठी गोलमटोल होतो. उरलेले अस्वले, गिधाडासारखे डोके पांढरे असलेले गरुड, समुद्रपक्षी आणि जंतू खातात. समुद्रातून आलेला नत्रवायू ओळखण्याची एक युक्ती शास्त्रज्ञांना सापडली आहे : त्यात नत्राच्या जड समस्थानिकाचे, म्हणजे १५ अणुभाराच्या नत्राचे, प्रमाण जरा अधिक असते. ते अलास्कातील नदीकाठच्या झाडांच्या लाकडातही आढळले. झाडानेही सॅमन खाल्ला म्हणायचा!

आता तुमच्या टोळीतला एखादा म्हणेल, ‘मासे समजले, पण आमचे काय?’ तेही पाहू. जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत डासांचे राज्य. अलास्कात डासांच्या तीस-पस्तीस जाती आहेत आणि ओली सपाट जमीन म्हणजे त्यांची प्रसूतिगृहे. डोक्यावरून जाळी ओढल्याशिवाय जेवता येत नाही, आणि जाळी ओढल्यावर तर मुळीच येत नाही. ऑगस्टमध्ये डास घटतात, चावऱ्या माश्या थोडे दिवस राहतात आणि पहिले दहिवर गोठले की दोघांचाही जोर ओसरतो. पण ऑगस्ट हाच या भागात सर्वांत पावसाचा महिना. आपल्या आषाढासारखा कोसळणारा पाऊस नव्हे. बारीक, गार, वाऱ्याबरोबर आडवा येणारा, दिवसदिवस न थांबणारा. अंगावरची लोकर ओली झाली की १० अंशांच्या हवेतही माणूस गारठून भ्रमिष्ट होऊ शकतो. त्यासाठी बर्फ लागत नाही. आणि दिवस भराभर आखडतो. २५ ऑगस्टला तो पावणेपंधरा तासांचा राहतो आणि रोज पाच मिनिटांहून अधिक कमी होत जातो. मुंबईत या सुमारास दिवसाला मिनिटभरदेखील फरक पडत नाही. सप्टेंबराच्या मध्यानंतर रात्री बर्फ पडू लागतो, विमाने ढगांमुळे अडकून पडतात, आणि शिधा मात्र मोजूनच आणलेला असतो. जमिनीवरची झुडपे लाल-पिवळी होऊन मोठी शोभा येते खरी, पण ती बघायला गेलेल्याने चार दिवसांचा जादा शिधा बांधावा.

अस्वलांविषयी दोन शब्द, कारण प्रश्न हमखास विचारला जातो. जुलै असो वा सप्टेंबर, जेथे सॅमन तेथे तपकिरी अस्वल. त्याला चुकवणारा ऋतू नाही. तंबूपासून दूर स्वयंपाक करायचा, शिधा घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवायचा, झुडपांतून जाताना मोठ्याने बोलत राहायचे आणि अस्वल समोर आले तर त्याची वाट सोडायची. नदीतला मासा त्याचा पहिला आहे.

येथपर्यंतचे पंचांग शंभर वर्षांपूर्वीच्या माणसालाही मान्य झाले असते. परंतु आता त्याच्या समासात नव्या नोंदी कराव्या लागत आहेत, आणि त्या सुखाच्या नाहीत.

४ जुलै २०१९ रोजी अलास्कातील अँकरेज शहरात ९० अंश फॅरनहाइट, म्हणजे ३२ अंश सेल्सिअस, तापमान नोंदले गेले. त्या शहराच्या नोंदींतला तो उच्चांक होता. पुण्या-नागपूरच्या वाचकाला याचे काहीच वाटणार नाही. पण माशाच्या बाजूने विचार करा. पाणी जितके गार तितका त्यात प्राणवायू अधिक विरघळतो. शून्य अंशाला लिटरभर पाण्यात सुमारे १४.६ मिलिग्रॅम, १० अंशांना ११.३ आणि २० अंशांना फक्त ९.१. पाणी तापले की प्राणवायू घटतो आणि नेमकी त्याच वेळी माशाच्या शरीराची प्राणवायूची गरज वाढते. दोन्हीकडून कात्री. त्या उन्हाळ्यात कोयुकुक नदीत शास्त्रज्ञांना चम सॅमन मरून पडलेले आढळले. पोट फाडून पाहिले तर गाबोळी जशीच्या तशी. विणीच्या जागी पोचण्याआधीच ते मेले होते.

आणि पोचलेल्यांच्या अंड्यांचे काय? आपला अंश-दिवसांचा हिशेब करून पाहू. समजा, एका मादीने १ ऑगस्टला अंडी घातली. ऑगस्टमध्ये पाणी सरासरी १० अंश आणि सप्टेंबरात ७ अंश असेल, तर ऑगस्टच्या ३१ दिवसांत ३१० अंश-दिवस जमा झाले. उरलेल्या १९० साठी सप्टेंबराचे सत्तावीस-अठ्ठावीस दिवस लागतील. आता पाणी दोनच अंशांनी वाढवा. ऑगस्टचे ३७२ झाले, उरले १२८, आणि ते ९ अंशांच्या पाण्यात पंधरा दिवसांत पुरे होतील. अंडी जवळजवळ तेरा दिवस आधी फुटली! पुढचा हिवाळाही तितकाच उबदार असेल तर हे अंतर वाढतच जाणार. तारीख जुळवायला हजारो पिढ्या लागल्या, आणि पाणी काही दशकांतच बदलते आहे.

कुस्कोक्विम नदीच्या खोऱ्यात २०१० नंतर राजा सॅमनची संख्या फार घटली, आणि २०२१ च्या सुमारास चमही कोसळला. कारणे एकच नाहीत. समुद्रातले बदल, माशांचे घटते आकारमान, नद्यांचे तापमान असे अनेक धागे शास्त्रज्ञ तपासत आहेत. मासेमारीवर निर्बंध आले आणि त्यांची खरी झळ बसली ती काठावरच्या युपिक कुटुंबांना. ही मंडळी उन्हाळ्यात नदीकाठी तळ ठोकतात, सॅमन चिरून, वाळवून, धुरी देऊन हिवाळ्याची बेगमी करतात. आपल्याकडे उन्हाळ्यात पापड-कुरडया होतात तशी ती घराघरातली लगबग असते. फरक एवढाच की त्यांच्या मुलखात पापडाऐवजी हेच मुख्य अन्न आहे.

बाहेरून आलेले गळवाले बहुधा मासा धरून परत सोडतात. त्यांना वाटते, आपण किती दयाळू! पण युपिक वडीलधाऱ्यांना हे पटत नाही. मासा स्वतःहून माणसाकडे अन्न म्हणून येतो; त्याला ओढायचे, दमवायचे आणि सोडून द्यायचे म्हणजे अन्नाशी खेळ करणे, आणि ज्याचा असा अपमान झाला तो पुन्हा येत नाही, असे ते मानतात. विज्ञान या वादाचा अर्धाच निकाल लावू शकते. गार पाण्यात, उलटा काटा नसलेल्या गळाने, ओल्या हातांनी आणि मासा पाण्याबाहेर न काढता सोडला तर तो बहुधा जगतो. पाणी तापलेले असेल तर दमलेला मासा नंतर मरण्याचा संभव बराच वाढतो. उरलेला अर्धा निकाल तुमचा तुम्ही लावा. माझ्यापुरते म्हणाल तर, त्या गावच्या पाहुण्याने निदान राजा सॅमनच्या विणीच्या दिवसांत गळ बाजूला ठेवावा असे मला वाटते. ते दिवस गावाच्या बेगमीचेही असतात.

तेव्हा आपला कागद काढा. जूनचा पूर्वार्ध बर्फाने आणि पुराने गेला. त्यानंतरचे चार आठवडे राजा सॅमनचे, म्हणजे गावाचे. जुलैचा उत्तरार्ध राहतो : ऊब चांगली, उजेड भरपूर, तीन-चार जातींचे सॅमन, पाणी उतरलेले, आणि डास. टोळीत कोणी नवखे असेल, थंडीची सवय नसेल, तर हा आठवडा वाईट नाही. डास चावतात, पण गारठवत नाहीत. पण मला विचाराल तर मी २० ते २७ ऑगस्ट लिहीन. कोहो नुकता समुद्रातून आलेला, चकचकीत, ट्राउट गाबोळीवर पोसलेला आणि खड्यांच्या पट्ट्यांखाली हमखास उभा, डास उतरणीला, नदी बर्फाच्या पुरातून मोकळी. रात्री पुरेशा काळोख्या होतात, आणि आभाळ उघडले तर उत्तर ध्रुवीय प्रकाशाचे पडदेही दिसू शकतात. पाऊस लागणार हे धरूनच चालायचे. दोन दिवस जादा हाताशी ठेवायचे, लोकरीचा एक जोड रबरी पिशवीत बांधून ठेवायचा तो कितीही मोह झाला तरी दिवसा काढायचा नाही, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी त्या वर्षीच्या मासेमारीचे ताजे नियम पुन्हा विचारायचे. ते हंगामाच्या मध्यातही बदलतात, कारण किती मासे नदी चढून गेले याची मोजणी रोज चालू असते.

अलास्काला जाणे आपल्यापैकी फारच थोड्यांना जमेल, पण पंचांग मांडायला विमान लागत नाही. शाळेजवळच्या ओढ्याचे किंवा नदीचे तापमान १ जूनपासून रोज सकाळी एकाच वेळी, एकाच जागी मोजा. शेजारी पावसाचा आकडा लिहा, आणि चढणीचे मासे प्रथम दिसले तो दिवस लाल शाईने नोंदवा. शिक्षकांनी ही वही पुढच्या वर्गाकडे सोपवावी, म्हणजे तीन-चार वर्षांत तारखांची तुलना करता येईल. पुराच्या पाण्यात कोणी उतरायचे नाही. काठावरून दोरीला बांधलेली छोटी बादली सोडायची, पाणी भरून वर घ्यायचे आणि तापमापक त्यात बुडवून दोन मिनिटे थांबायचे. आकडा वाचताना तापमापक पाण्यातच राहू द्या. बाहेर काढलात तर तो लगेच हवेचे तापमान दाखवू लागेल.